अधिछात्रवृत्ती ऊर्फ अर्धी छत्री

यवतमाळच्या डॉक्टरांनी चौथ्यांदा गोळी बदलून दिली, तरी नलूताई मुनेश्वर खुर्चीतून उठल्या नाहीत. तशा त्या गुडघ्यांमुळे पटकन उठूच शकत नसत. पण या वेळी त्या मुद्दाम उठल्या नव्हत्या, आणि हा फरक डॉक्टरांच्या लक्षात यावा म्हणून त्यांनी पर्स मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली.

"मागची गोळी पिवळी होती, आता गुलाबी देऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "रंग सोडून दुसरं काही कोनी शोधून राह्यलं का नाई?"

डॉक्टर तरुण होता, आणि तरुण डॉक्टरांना खरं बोलायची खोड असते. तो म्हणाला, "आजी, शोधणारी मुलंच टिकत नाहीत. शिक्षण संपल्यावर पहिली दोन-तीन वर्षं कोणी अभ्यासवृत्ती दिली तर संशोधनात राहतात, नाहीतर पोटासाठी दुसरीकडे जातात. हृदयाला देणगीदार मिळतात. सांध्यांनी माणूस मरत नाही ना, म्हणून सांध्यांना कोणी विचारत नाही."

नलूताईंनी चौतीस वर्षं आर्णीच्या पोस्टात काउंटर सांभाळला होता. मनीऑर्डर, रजिस्टर, साधं पोस्टकार्ड, कोणालाही त्यांनी 'तू कमी महत्त्वाचा' म्हणून बाजूला सारलं नव्हतं. आपलं दुखणं हे असं दुय्यम दर्जाचं, बिनतिकिटाचं दुखणं आहे, हे ऐकून त्यांचा जो अपमान झाला, तो एस.टी.त बसल्यावरही कमी होईना. आर्णीच्या स्टँडवर त्या एकेक पायरी चाचपत उतरत असताना मागचा माणूस म्हणाला, "उतरा ना आजी, गाडी काय तुमच्यासाठीच थांबली का?" त्या दुसऱ्या पायरीवर होत्या. तिसऱ्या पायरीवर येईपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता.

"आपुन फेलोशिप द्यायची," घरात शिरताच त्यांनी जाहीर केलं.

त्यांचे यजमान श्रावण मुनेश्वर एस.टी.च्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. जगातल्या सगळ्या अडचणी ग्रीस कमी पडल्यामुळे होतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. "कायची फेलोशिप?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्याची. तरुन पोट्टे-पोट्ट्या यावर अभ्यास करतीन, त्याईले आपुन वर्षभर पोसायचं."

"बेअरिंग गेलं का बदलाव लागते, नलू. त्यात अभ्यास कायले?"

"तुमच्या गाडीले सुटे भाग भेटते. माह्यावाले कुठं भेटते, सांगा!" नलूताई म्हणाल्या, आणि श्रावणराव चहा ठेवायला उठले. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेल्या माणसाला चहा कधी ठेवायचा हे कळतं.

मैदानाच्या कडेला रोज संध्याकाळी जमणाऱ्या निवांत ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या नलूताई अध्यक्ष होत्या. मंडळाने बसायला पत्र्याची शेड बांधावी म्हणून निधी जमवून ठेवला होता. पण ज्या जागेवर शेड व्हायची ती जागा नेमकी कोणाची, हे तीन कार्यालयांना सहा वर्षं ठरवता येत नव्हतं. निधी बँकेत सावलीत आणि मंडळ बाहेर उन्हात, अशी परिस्थिती होती. त्यामुळे नलूताईंनी फेलोशिपचा विषय मांडला तेव्हा विरोध झाला नाही. सल्ले मात्र झाले.

"एरंडाचं तेल," शेजारच्या नंदाबाई म्हणाल्या. नंदाबाईंचा प्रत्येक सल्ला एरंडाच्या तेलापासून सुरू होऊन तिथेच संपत असे. "ज्याले संशोधन करायचं हाये, त्यानं एरंडाच्या तेलावर कराव. उत्तर मी आताच सांगते, म्हनजे त्याचा टाइम वाचते."

खेमसिंग पवार निवृत्त तलाठी. सरकारी कागदाचा त्यांना वास यायचा. ते म्हणाले, "ताई, पह्यले नाव ठरवा. फेलोशिप चालत नाई. सरकारी शब्द हाये अधिछात्रवृत्ती."

"धि का घि?" कोणीतरी विचारलं.

"धि. शब्द जेवढा कठीन, तेवढी फाइल लवकर सरकते. साहेबाले अर्थ समजला नाई का तो सही करून टाकते."

नलूताईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला. इथे पुढच्या अनर्थाचं बी पडलं. पण आधी मंडळाला यवतमाळला जाऊन येऊ द्या.

झालं असं, की मंडळाच्या नोंदणीतल्या उद्देशांत 'शेड' होती, 'भजन' होतं, 'वृक्षारोपण' होतं, गुडघा नव्हता. उद्देश बदलायचा तर कार्यकारिणीच्या सातही सभासदांनी कार्यालयात जातीनं हजर राहून सह्या करायच्या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टला मागच्या दसऱ्याचा झेंडूचा हार होता. तिची दरवर्षी पूजा व्हायची, पण ती चालत नसे.

सात सभासद, त्यांचे मिळून चौदा गुडघे, आणि त्यांतले कामाचे फार तर पाच. साडेदहाला चढायला सुरुवात केली. अकराला मंडळ पहिल्या वळणावर पोचलं आणि एकजुटीनं बसलं. येणारे-जाणारे थबकू लागले.

"कोनत्या मागणीसाठी बसले?" एकानं अदबीनं विचारलं.

"गुडघ्यासाठी," नंदाबाई म्हणाल्या.

"बरोबर हाये. कोनीतरी बसाच लागत होतं," असं म्हणून तो शेजारी बसला. त्याचं काम पेन्शनचं होतं. मग एक जण सातबाऱ्यासाठी बसला, दोघे रस्त्यासाठी. खालून चहा आला. खेमसिंग "आमी फक्त दम घेऊन राह्यलो!" असं ओरडून सांगत होते, पण ती घोषणा समजून लोकांनी तिला 'झालाच पाहिजे' जोडलं.

गलका ऐकून कारकून स्वतः जिन्याच्या वर येऊन उभा राहिला. "काय चाललंय?" नलूताईंनी अर्ज उंच धरला. त्यानं तिथूनच वाचला आणि विचारलं, "गुडघे माणसाचे की जनावराचे? जनावराचे असतील तर टेबल वेगळं आहे."

"तुमाले आमी कोन दिसतो?" नलूताईंनी विचारलं.

त्याच्या उत्तरावर पुढचं बरंच अवलंबून होतं, पण तो खाली यायला लागला. कठडा घट्ट धरून, तोंड भिंतीकडे करून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. सातही जणांनी ते उतरणं ओळखलं.

"डावा का उजवा?" नलूताईंनी एकदम मऊ आवाजात विचारलं.

"डावा," कारकून बारीक आवाजात म्हणाला. "सकाळी एकदा चढतो, ते सहा वाजताच उतरतो. डबा वरच खातो. आज तुमच्यासाठी उतरलोय, आता चढायचं कसं याचा विचार करतोय."

पुढचं काम दहा मिनिटांत झालं. त्यानं वरून रजिस्टर मागवून जिन्यावरच उघडलं, आणि गुडघ्यासोबत खांद्याचीही आपली तक्रार असल्यामुळे, उद्देशाच्या रकान्यात 'गुडघे' खोडून 'सांधे (माणसाचे, सर्व)' असं लिहिलं. फक्त एक अडचण आली. नलूताईंची सही जुन्या सहीशी जुळेना.

"ही तुमची सही नाही, मॅडम."

नलूताईंचं अक्षर हा आर्णीत एके काळी बघायला जाण्याचा विषय होता. लोक पत्ता स्वतःला येत असूनही त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. त्यांनी पेन बदललं. दुसरी सही झुकली. तिसरी थरथरली. चौथी कारकुनानं भिडेखातर मान्य केली. "आजकालचे पेनं म्हनजे," नलूताई म्हणाल्या, आणि येताना गाडीत तिकिटाच्या मागे सही गिरवून पाहत बसल्या.

आता ते बी. नलूताईंनी स्वहस्ते मजकूर लिहिला: 'सांधेदुखीवरील तरुण संशोधकांसाठी अधिछात्रवृत्ती. मुलाखती रविवारी सकाळी दहाला, शाळेच्या हॉलमध्ये.' तो इंद्रजितच्या छापखान्यात दिला. इंद्रजितनं एक हजार पत्रकं छापली आणि सेवाभावानं स्वतःच आठवडी बाजारात वाटून टाकली. संध्याकाळी एक पत्रक नलूताईंच्या हाती आलं, भज्यांसकट. त्यावर ठळक अक्षरांत होतं: 'सांधेदुखीवाल्या तरुणांसाठी व इतरांसाठी अर्धी छत्री.'

नलूताई गुडघे विसरून छापखान्यात पोचल्या. श्रावणराव पुढे सांगत, की बेचाळीस वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्या मागे राहिले.

"इंद्रजित, हे काय करून ठेवलं?"

"मॅडम, मले वाटलं तुमची चूक झाली," इंद्रजित निरागसपणे म्हणाला. "अधिछात्र असा काही शब्द नसते. मी सुधारून देल्ली. अन् राग नका मानू, तुमचं अक्षर पह्यल्यासारखं राह्यलं नाई. अर्धा मजकूर मले अंदाजानंच लावाव लागला."

छत्रीपेक्षा हे वाक्य नलूताईंना जास्त लागलं. पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता, कारण पत्रकाचा फोटो तोवर मोबाइलवरून ढाणकीपासून बाभुळगावपर्यंत फिरला होता. अर्धी छत्री म्हणजे काय, यावर ठिकठिकाणी चर्चा झाल्या. काही जण म्हणाले अर्ध्या किमतीत. काही म्हणाले नवरा-बायकोत एक. एप्रिलचं ऊन असं होतं, की अर्धी तर अर्धी, कोणी नाही म्हणणार नव्हतं.

अशा वेळी शहाण्या माणसांनी मुलाखतीची जागा बदलली असती. ही साधी गोष्ट सातांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. मराठीत अशा लोकांबद्दल एक वाक्प्रचार आहे, त्यात डोकं आणि गुडघा शेजारी येतात. नलूताईंसमोर तो उच्चारायची कोणाची छाती नव्हती.

खेमसिंगांनी कॉलेजांना मेलवरून बरोबर मजकूर पाठवला होता, त्यामुळे खरे अर्जही आले. नऊ आले. एक पहिलवान होता. एका हाडवैद्यानं शिक्षणाच्या रकान्यात 'वडिलांचा हात' असं लिहिलं होतं. एकानं जन्मपत्रिका जोडून आपला शनी गुडघ्याला अनुकूल असल्याचं कळवलं होतं. खेमसिंगांचा पुतण्या जीवन चार वर्षं पोलीस भरतीसाठी धावत होता. 'गुडघ्याचा दैनंदिन अनुभव' ही त्याची पात्रता. नववा अर्ज आठ पानांचा, नीट टाइप केलेला, उर्वशी आडे नावाच्या मुलीचा. तिचं शिक्षण बरोबर होतं, मार्गदर्शक प्राध्यापकांचं पत्र होतं, सगळं होतं. फक्त विषय होता: कापूस वेचणाऱ्या स्त्रियांच्या बोटांचे सांधे.

"बोटं?" खेमसिंग म्हणाले. "बोटायचा आपल्याशी काय संबंध? आपुन गुडघेवाले."

रविवारी उर्वशी हॉलमध्ये समोर बसली तेव्हा नंदाबाईंनी हाच प्रश्न विचारला. मुलगी विशीतली, सडपातळ. मांडीवर एक पेटी होती आणि पेटीवर दोन्ही हात.

"माही याडी पंचवीस वर्षं कापूस वेचून राह्यली," ती म्हणाली. याडी म्हणजे आई, हे खेमसिंगांनी उगाच सगळ्यांना सांगितलं. "आता तिले बांगडी चढत नाई, चढली तर उतरत नाई. डॉक्टरनं लिहून देल्लं, वय झालं. तिचं वय अठ्ठेचाळीस हाये. ह्या दुखन्याची सुरुवात कधी होते, कोनत्या बोटापासून, हे कोनी मोजलंच नाई. मले मोजायचं हाये." ती थांबली. "उद्या सोमवारी मले नागपूरले औषध कंपनीत रुजू व्हायचं हाये. गोळ्या विकायची नोकरी. तुमी नाई म्हनलं तर जाईन. चांगली नोकरी हाये."

"गोळ्या कोनत्या रंगाच्या?" नलूताईंच्या तोंडून निघून गेलं.

उर्वशी उत्तर देणार तोच खिडक्यांतून आवाज आला. "छत्र्या कुठं हायेत?"

बाहेर दोनशेच्या आसपास माणसं होती, त्यांत बहुतेक बाया. ऑटोनं, टेम्पोनं, काही पायी. सगळ्यांच्या पुढे तांड्यावरची मोतीबाई, हातात भज्यांच्या तेलानं पारदर्शक झालेलं पत्रक. नलूताईंनी पायरीवर उभं राहून खुलासा केला, की ही अधिछात्रवृत्ती आहे.

"म्हनजे मोठी छत्री का?" मोतीबाईनं विचारलं.

"छत्री नाहीच हाये, बाई."

"मंग अर्धी कोनाले देल्ली?"

गर्दी पुढे सरकली. श्रावणरावांनी कोपऱ्यातली स्वतःची छत्री लपवली, ती नेमकी सगळ्यांना दिसली. इंद्रजित मागच्या दारानं निघाला होता. त्याला नंदाबाईंनी सदऱ्याला धरून परत आणलं आणि सगळ्यांचा चहा त्याच्याकडून कबूल करून घेतला. नलूताईंनी चौतीस वर्षांत काउंटरवरून कोणाची माफी मागितली नव्हती. आज मागितली. ती मागच्या रांगेपर्यंत पोचलीच नाही.

तेव्हा उर्वशी पेटी घेऊन बाहेर आली. पेटीत कॉलेजातून उसनं आणलेलं यंत्र होतं: मुठीत धरून आवळायचं, काटा फिरतो, हातात जोर किती ते कळतं. "याडी, आव," ती मोतीबाईला जवळ बोलावत म्हणाली आणि यंत्र तिच्या हातात ठेवलं. मोतीबाईनं संशयानं आवळलं. उर्वशीनं आकडा वाचला, मग तिची बोटं एकेक करून हळूच दाबत विचारलं, कुठं दुखते, सकाळी उठल्यावर मूठ वळते का. मोतीबाई छत्री विसरली. तिला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"मले पाहू दे," मागची म्हणाली. मग तिच्या मागची.

अर्ध्या तासात शाळेच्या आवारात जत्रा झाली. आकडे मोठ्यानं वाचायची चूक उर्वशीनं केली. ढाणकीची बाई बाभुळगावच्या बाईपेक्षा दोनानं कमी भरली, तशी ढाणकीनं आपली दुसरी बाई पुढे काढली. टाळ्या पडू लागल्या. पहिलवानानं गर्दीत घुसून असं आवळलं, की काटा शेवटाला जाऊन तिथेच अडकला. उर्वशीचा चेहरा उतरला. पण श्रावणराव मेकॅनिक होते. खिशातून पेचकस निघाला, कोणाच्या तरी सायकलचं तेल आलं, आणि पाच मिनिटांत काटा शून्यावर. "सांगितलं होतं ना, ग्रीस," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते बरोबर होते.

नलूताईंनी टेबल मागवलं आणि त्यामागे बसल्या. "एकेक या! रांग मोडू नका! नाव? गाव? वय?" दहा वर्षांनी काउंटर मिळाला होता. त्या लिहू लागल्या. चौथ्या नावावर पेन बोटांतून निसटलं. त्यांनी उचललं. सातव्या नावावर पुन्हा.

उर्वशीनं ते पाहिलं. तिनं यंत्र त्यांच्यापुढे धरलं.

"मले कायले?" नलूताई म्हणाल्या. "माहे गुडघे दुखते." पण दीडशे बाया बघत होत्या. त्यांनी सगळा जीव एकवटून आवळलं. काटा हलला, थोडा. त्या दिवशीचा सगळ्यात कमी आकडा.

"यंत्र बिघडलं हाये."

श्रावणरावांनी यंत्र घेतलं, उलटंपालटं केलं, स्वतः दाबून पाहिलं. "यंत्र बरोबर हाये, नलू," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन वर्षं झाले, लोनच्याच्या बरन्या मी झाकन सैल करून काहून ठेवतो, तुले काय वाटते?"

नलूताईंनी पेन खेमसिंगांकडे सरकवलं. "भाऊ, तुमी लिहा. मी नावं पुकारते." आणि त्यांनी असा आवाज काढला, की रांग पार फाटकापर्यंत सरळ झाली.

दुपारी दोनपर्यंत एकशे त्रेसष्ट बायांचे हात मोजून झाले. एवढे हात जमवायला आपल्याला सहा महिने लागले असते, असं उर्वशी म्हणाली. मंडळ हॉलमध्ये परत बसलं तेव्हा खेमसिंगांनी घसा साफ केला. "बाकी सगळं ठीक हाये, पन उद्देशात बोट बसते का?"

नलूताईंनी नोंदणीचा कागद समोर ठेवला. 'सांधे (माणसाचे, सर्व)'.

"सर्व," खेमसिंगांनी वाचलं आणि कागद अदबीनं खाली ठेवला. सरकारी कागदापुढे ते नेहमीच हरत. जीवनचा अर्ज त्यांनी स्वतःच बाजूला केला; पोरगा तसाही बाहेर बायांना चहा देण्यात धावत होता.

उर्वशीनं मैदानावरच्या लिंबाखाली जाऊन नागपूरला फोन केला. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर तिनं झाडाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी, आणि तिसरी पळत मारली. ते पाहून नंदाबाई म्हणाल्या, "पोट्टी बह्याड हाये का?" आणि नलूताई म्हणाल्या, "राहू दे. तिचे गुडघे चांगले हायेत."

तीन महिन्यांनी उर्वशीनं मंडळापुढे पहिला अहवाल वाचला. तो अकरा पानांचा होता. दुखण्याचं कारण अजून सापडलं नव्हतं. औषध तर नाहीच. करंगळीच्या शेजारच्या बोटाबद्दल एक शंका आली होती, आणि ती शंका खरी आहे का हे बघायला आणखी एक वर्ष लागणार होतं.

नंदाबाईंनी अहवालाची मागची बाजूही उलटून पाहिली.

"म्हनजे तीन महिन्यांत इतकंच समजलं, का आपल्याले काही समजत नाई?" खेमसिंग म्हणाले. "हे तर मी फुकटात सांगितलं असतं."

"सांगितलं असतं, भाऊ," नलूताई म्हणाल्या, "पन मोजून नसतं सांगितलं."

त्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभ्या राहिल्या, आणि अधिछात्रवृत्ती दुसऱ्या वर्षीही चालू ठेवण्याचा ठराव त्यांनी मांडला. शब्द आता त्यांना पाठ झाला होता. "ज्याईले मंजूर हाये त्याईनं हात वर करा."

श्रावणरावांचा हात ताडकन वर गेला. खेमसिंगांचा कानापर्यंत आला आणि तिथे थांबला. नंदाबाईंनी उजवा हात डाव्यानं धरून उचलला. कार्यकारिणीतल्या घनश्यामरावांचा खांदा धरलेला आणि मानेला पट्टा, त्यामुळे त्यांना हातही हलवता येईना आणि मानही; ते नुसतंच मोठ्यानं "मंजूर!" म्हणाले. कारकुनालाही आता सभासद करून घेतलं होतं. त्यानं कोपरापासून जेवढं जमलं तेवढं दाखवलं.

"एकमतानं मंजूर," नलूताईंनी जाहीर केलं आणि कौतुकाच्या अपेक्षेनं उर्वशीकडे पाहिलं.

उर्वशीचं लक्ष नव्हतं. ती वहीत मान घालून भराभर लिहीत होती, कोणाचा हात कुठपर्यंत गेला.